अप्पांचं दुखणं, अव्वाची घागर

बाळीवेशीतल्या चनमल्लप्पांच्या घरात त्या वर्षी सगळं काही अप्पांच्या छातीकडं बघून चालायचं. फोडणी द्यायची ती मागलं दार उघडून, म्हणजे अप्पांना ठसका लागायला नको. मसाला वाटायचा तो अप्पा दुकानात गेल्यावर. अंगणात कुणी मोठ्यानं हाक मारली, तर निंगव्वा आत्या तोंडावर बोट ठेवून अशी धावत यायची, की हाकेपेक्षा तिच्या पायांचाच आवाज जास्त व्हायचा.

चनमल्लप्पांचं, म्हणजे अप्पांचं, घोंगड्यांचं दुकान होतं. सांगोल्याकडचे धनगर घोंगडी आणून टाकत, ती पार अक्कलकोटापलीकडं विकली जात. माणूस उभापुरा, आवाज भरदार. बाजारात त्यांनी भाव सांगितला, की दुसऱ्या टोकाचं गिऱ्हाईक मान वळवायचं. तोच माणूस आता गादीवर बसून राहायचा आणि विचारलेल्याला मान हलवून उत्तर द्यायचा.

कारण सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. गेल्या संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा उठली आणि तिच्या मागोमाग शिवपुत्र विषमज्वरानं गेला. थोरला मुलगा. मिशी नुकती फुटत होती, लग्नाचं बोलणं चाललं होतं. त्याची आई गौरम्मा जमिनीवर डोकं आपटून रडली. अप्पा रडले नाहीत. लोक म्हणाले, बघा, पुरुषाची छाती. आणि उन्हाळा संपता संपता त्या छातीनंच दगा दिला. जेवण जाईना, झोप येईना, धोंडा ठेवल्यागत वाटायला लागलं. डॉक्टर बोरामणीकर येऊन नळी लावून गेले. डॉक्टरांना पोचवून अप्पा आत आले आणि म्हणाले, "काळीज नाजूक झालंय म्हणत्यात. जपावं लागंल."

बस्स. तेव्हापासून घर जपायला लागलं.

शिवपुत्राची धाकटी बहीण दाक्षायणी तेव्हा चौदा वर्षांची होती. मुलींच्या शाळेत जात होती, आणि त्याच वर्षी तिला शोध लागला होता, की आपण बोललो तर लोक ऐकतात. शाळा तपासायला आलेल्या साहेबांपुढं तिनं रक्ताभिसरणाचा धडा न अडखळता सांगितला. साहेब "शाबास" म्हणाले, आणि त्या एका शाबासकीवर बाईसाहेब महिनाभर जमिनीपासून चार बोटं वरूनच चालत होत्या. घरी येऊन तिनं आत्याला ऐकवलं, "आत्या, काळीज म्हणजे पंप असतो. दिवसरात्र रक्त उपसतो."

"मग त्याला म्हणावं, थोडं पाणी बी उपस की. हौद रिकामा हाय," आत्या म्हणाली.

आत्या म्हणजे अप्पांची विधवा बहीण. तोंडानं तिखट, पण भावावर जीव टाकणारी. घरातलं धर्माचं खातं तिच्याकडं होतं. म्हणून गौरम्मानं जेव्हा पहिल्यांदा आपलं दुखणं सांगितलं, तेव्हा ते आधी आत्याच्या कानावर पडलं, आणि तिथंच त्याचा मार्ग चुकला.

गौरम्मा म्हणाली होती, "वन्सं, गळ्यातली डबी जड लागती हो. श्वास पुरत न्हाई."

डबी म्हणजे चांदीची, इष्टलिंगाची. लिंगायताच्या गळ्यात ती जन्मापासून मरेपर्यंत असते, बरोबर छातीवर. रोज पूजेला लिंग बाहेर काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती आणि बेल वाहायचा, पुन्हा डबीत ठेवायचं. ते अंगावेगळं होऊ द्यायचं नाही. ज्या डबीचं वजन इतक्या वर्षांत कधी कळलं नाही, ती आज जड लागते म्हणजे काय? दुसरं कुणी असतं, तर म्हणालं असतं, बाईच्या छातीत काहीतरी झालंय. आत्या म्हणाली, "पूजेत मन न्हाई तुजं. पोरगा नेला म्हणून देवावर रुसलीस. लिंग जड हुतंय ते त्यानं."

गौरम्माला ते पटलं. कारण देवावर ती खरंच रुसली होती.

मग दिवाळीनंतर अय्या आले. अय्या म्हणजे घरचे गुरू. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डोळे मिटले आणि सांगितलं, की बाईच्या मनातली अढी आणि यजमानाच्या छातीतलं दुखणं, दोन्हींवर उपाय एकच. घरच्या विहिरीचं पाणी, घागरभर, रोज पहाटे पूजा झाली की अनवाणी न्यायचं आणि सिद्धेश्वराला घालायचं. संक्रांतीच्या यात्रेपर्यंत. "मध्ये मोडू नका, तायी," अय्या जाताना म्हणाले. "मोडलेलं व्रत यजमानावर येतं."

दुसऱ्याच दिवशी गौरम्मानं घागर उचलली.

मार्गशीर्षातली थंडी. गिरणीच्या भोंग्याबरोबर पूजा आटोपायची आणि ती निघायची. शाळेला वेळ असायचा म्हणून दाक्षायणी सोबत जायची. पहिले काही दिवस तिला मौज वाटली. तळ्यावर धुकं असायचं आणि मधलं देऊळ पाण्यावर ठेवल्यासारखं दिसायचं. आईला रमवायचं काम तिनं आपल्या अंगावर घेतलं होतं, कारण आई उदास आहे हे तिलाही कळत होतं. ती शाळेतल्या गमती सांगे, मुख्य बाईंच्या चालीची नक्कल करून दाखवी. गौरम्मा हसायची आणि मध्येच थांबायची. आधी एकदा थांबायची. मग दर वळणावर.

"थकलीस का, अव्वा? मी घेते की घागर."

"तू घेऊन कसं चालंल? व्रत माजं हाय."

एका सोमवारी मात्र ती देवळाच्या अलीकडं, पायऱ्यांवर, एकदम खाली बसली. घागर तिनं बसतानाही नीट टेकवली, पाणी सांडू दिलं नाही. तोंड पांढरं पडलं होतं. एवढ्या गारठ्यात कपाळावर घाम, आणि तळहात जबड्याला लावलेला.

"दाढ ठणकती गं," ती म्हणाली. "पाठीत बी कळ येती, दोन खांद्यांच्या फऱ्यांमधी." आणि बाजूला वळून तिला उलटी झाली.

दाक्षायणीनं आईचं मनगट धरलं. शाळेत नाडी बघायला शिकवली होती. वर्गात मैत्रिणींची बघताना ती टपटप नीट लागायची. आईची नाडी धावत होती, अडखळत होती, परत धावत होती. दाक्षायणीला पाठ केलेल्या धड्यातलं एक वाक्यसुद्धा आठवेना.

थोड्या वेळानं गौरम्मा उठली. घागर कडेवर घेतली आणि गाभाऱ्यापर्यंत जाऊन पाणी घालून आली. घरी आल्यावर आत्या म्हणाली, "पित्त हाय. उपाशीपोटी चालल्यावर हुनारच." आणि आल्याचा रस दिला.

दाक्षायणी त्या दिवशी शाळेत गेली नाही. अप्पांच्या औषधाची बाटली संपली होती. ती आणायच्या निमित्तानं ती डॉक्टर बोरामणीकरांच्या दवाखान्यात गेली.

डॉक्टर वयस्कर होते, काळी टोपी, जाड चष्मा. बाटली भरून घेताना दाक्षायणीनं एका दमात सगळं सांगून टाकलं. दाढ, पाठ, घाम, उलटी. डॉक्टरांचा हात हळूहळू थांबला.

"जिना चढताना धाप लागते?"

"भाकरी थापतानासुद्धा लागते."

"आणि हे कधीपासून?"

"दादा गेल्यापासून. पण सगळे म्हणतात, ते मनाचं आहे."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "हे बघ बाळ, पुरुष छातीवर हात ठेवून आला, की आम्ही लगेच नळी काढतो. बाईचं काळीज कधी जबड्यात दुखतं, कधी पाठीत, कधी पोटात. ती रडलेली असली, की सगळे म्हणतात मनाचं आहे. मीही पुष्कळ वर्षं तेच म्हणत होतो. तुझ्या आईला तपासायला हवं. आणि तोवर तिनं तांब्यासुद्धा उचलायचा नाही."

"पण ती थांबणार नाही, डॉक्टर. ती घागर अप्पांच्या काळजासाठी आहे. व्रत मोडलं तर अप्पांच्या जिवावर येईल, असं अय्यांनी सांगितलंय."

"वडिलांच्या काळजाला काय झालंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाजूक झालंय. तुम्हीच म्हणालात ना?"

"काळीज ठीक आहे त्यांचं. मी त्याच दिवशी त्यांना सांगितलं. म्हटलं, चनमल्लप्पा, तुमचं मन बसलंय. मुलाचं दुःख बाहेर काढा, चार माणसांत बसा, रडा. ही बाटली झोपेची आहे, दुसरं काही नाही." मग बाटलीला बूच लावत ते म्हणाले, "हसण्यावारी मात्र नेऊ नकोस. माणूस न जेवता, न बोलता असाच आत कुढत राहिला, तर उद्या त्याच्या काळजाचीही हमी मी देणार नाही. मन आणि काळीज एकाच घरात राहतात. एकाला आग लागली, की दुसऱ्याला झळ बसतेच. तुझ्या आईचं तेच झालंय."

दाक्षायणी धावतच घरी आली आणि आईला म्हणाली, "अव्वा, अप्पांच्या काळजाला काही झालेलं नाही. डॉक्टर म्हणाले."

गौरम्मा ज्वारी निवडत होती. तिनं वरसुद्धा बघितलं नाही. "डॉक्टर लोक धीर द्यायला तसंच सांगत्यात. माज्यासाठी खोटं बोलू नकोस."

"खोटं नाही गं."

"तुज्या अप्पांनी सांगितलं व्हय? त्यांच्या तोंडून ऐकलंस?"

तेवढंच एक राहिलं होतं. दाक्षायणी दुकानाकडं वळली.

दुकानात मायाप्पा धनगर बसला होता. घोंगड्यांचा गठ्ठा पुढ्यात, पण तो उलगडायला कुणी सांगितलं नव्हतं. तिला बघून म्हणाला, "ये बाय. तू तरी बोल ह्यांच्याशी. मी मगाधरनं बोलतोय, ते भिंतीवर पडतंय."

"काका, जरा बाहेर बसता का?"

"बसतो की. भिंतीपेक्षा रस्ता बरा."

अप्पा आतल्या बाजूला, घोंगड्यांच्या थप्पीला टेकून बसले होते. दाक्षायणी समोर उभी राहिली. साहेबांपुढं उभं राहणं सोपं होतं, हे तिला आत्ता कळलं.

"अप्पा, तुम्ही आम्हाला खोटं का सांगितलंत?"

त्यांनी विचारलं नाही, काय खोटं. लोकरीचा वास येत होता आणि बाहेरून टांग्याची घंटी. मग ते म्हणाले, "काय सांगायचं हुतं? चनमल्लप्पाचं मन बिघडलंय म्हणून? मनाचं दुखणं बायकांचं असतंय, दाक्षी. पुरुषाचं काळीज दुखतंय म्हटलं, की लोक पाणी आणून देत्यात. मन दुखतंय म्हटलं, की हसत्यात. उद्या कोण माल टाकंल माज्याकडं?"

"अव्वाचं काळीज खरंच दुखतंय. आणि ती तुमच्या खोट्या दुखण्यासाठी घागर वाहतेय."

"खोटं न्हाई ते," अप्पा पुटपुटले. "धोंडा खरा हाय."

"मग धोंडा आहे असं सांगा. पण काळीज म्हणू नका. अप्पा, आज पायरीवर ती बसली तेव्हा मला वाटलं, आता उठत नाही."

अप्पांनी मान खाली घातली. "जा घरी," ते म्हणाले.

ती गेली. रस्ताभर तिला वाटत होतं, आपण हरलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे गौरम्मानं रोजच्यासारखी विहिरीवरून घागर भरून उंबऱ्यापाशी ठेवली आणि पूजेला बसली. तेवढ्यात दाराशी टांगा थांबला. डॉक्टर बोरामणीकर उतरले. काल दवाखान्यातून निघताना दाक्षायणीनंच त्यांना ही वेळ सांगून ठेवली होती. मागं एकदा आत्याला तपासताना त्यांनी नळीखालची डबी बाजूला करायला सांगितली, तेव्हा "डबी उतरवायला मी मेले का?" म्हणून आत्यानं त्यांना परत लावून दिलं होतं. पण पूजेच्या वेळी लिंग डाव्या तळहातावर असतं. अंगावरच असतं. आणि रिकामी डबी जरा खांद्यामागं सारली, तर धर्म कुठं बुडतो?

"पूजेत परका माणूस?" आत्या उंबऱ्यात आडवी झाली. "दाक्षे, शाळेनं तुजं डोकं फिरवलंय."

"मला तपासायचं न्हाई," गौरम्मा बसल्या जागेवरून म्हणाली. तळहातावरच्या लिंगावरची नजर तिनं हलवली नाही. "माजं काय बी होऊ दे. यात्रेपतोर ह्यांचं व्रत पुरं होऊ दे. मग बघा मला काय बघायचं ते."

डॉक्टरांनी दाक्षायणीकडं पाहिलं. दाक्षायणीनं आतल्या खोलीच्या दाराकडं.

अप्पा तिथं उभे होते. केव्हापासून, कुणास ठाऊक. ते पुढं आले, उंबऱ्यापाशी वाकले आणि घागर उचलून बायकोच्या नजरेसमोर जमिनीवर ठेवली.

"गौरा," ते म्हणाले. चारचौघांत त्यांनी बायकोला नावानं कधी हाक मारली नव्हती. आत्यानं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. "ज्या दुखण्यासाठी हे पाणी चाललंय, ते दुखणं मला न्हाई. काळीज चांगलं हाय माजं. डॉक्टरांनी तवाच सांगितलं हुतं. मी लपवलं."

गौरम्माची नजर तळहातावरून घागरीवर गेली.

"पोरगा गेल्यापासनं मला जगू वाटत न्हाई. एवढंच झालंय. ते सांगायची लाज वाटली." ते तिथंच, घागरीशेजारी बसले, आणि एवढा मोठा माणूस खांदे हलवत रडायला लागला.

आत्या भावाकडं बघत राहिली. लहानपणानंतर तिनं त्याला रडताना पाहिलं नव्हतं. मग ती उंबऱ्यातून बाजूला झाली. "खोट्या नावानं घातलेलं पाणी देवाला पोचत न्हाई," ती हळूच म्हणाली, जणू स्वतःलाच. "या डॉक्टर. चपला तिकडं काढा."

गौरम्मानं लिंग तळहातावर तसंच धरून ठेवलं. डॉक्टरांनी नळी लावली. ते बराच वेळ ऐकत राहिले, मागून, पुढून, पुन्हा पुढून. दाक्षायणी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होती आणि तो चेहरा काही चांगलं सांगत नव्हता.

"काळीज दमलंय," अंगणात आल्यावर डॉक्टर म्हणाले. "बरंच दमलंय. आजपासून अंथरूण. घागर नाही, जातं नाही, चूल नाही."

"बरी होईल ना?"

डॉक्टरांनी तिला खोटा धीर दिला नाही. "जपलं तर चालेल. किती, ते मला सांगता येणार नाही. पण कालच्यासारख्या आणखी दोन खेपा झाल्या असत्या, तर मी टांगा काढून यायचं कारणच उरलं नसतं."

त्या दिवशी गौरम्मा भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. अप्पा तिच्या पायथ्याशी बसून होते. दुपार कलली. दाक्षायणी औषध घेऊन आत गेली, तेव्हा आई भिंतीकडं बघतच बोलत होती.

"आज दुकान?"

"बंद ठेवलंय."

"आज कशाला बंद? ज्या दिवशी ठेवायचं, त्या दिवशी उघडलंत. पोराला माती देऊन आलात आणि तिसऱ्या पहारी गादीवर जाऊन बसलात. मी हितं एकटी लोळत हुते. मला वाटलं, ह्या माणसाला काळीजच न्हाई. आणि मग म्हणालात, काळीज दुखतंय. तवा मी म्हटलं, हाय बाबा, ह्याला बी हाय. म्हणून उचलली घागर." तिला धाप लागली. ती थांबली. "मला राग आलाय तुमचा. लई राग आलाय."

"येऊ दे," अप्पा म्हणाले.

"का उघडलंत दुकान?"

अप्पा घोंगडीच्या काठावरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "शेवटच्या पहाटे तुजा डोळा लागला हुता. मी उठवलं न्हाई, चार दिवस जागी हुतीस. तो तापात बडबडत हुता. मधीच शुद्धीवर आल्यागत झाला आणि मला म्हणाला, अप्पा, दुकान उघडलं का? मायाप्पाचा माल यायचाय. मी म्हटलं, उघडतो बाळा. मग काय बोलला न्हाई."

गौरम्मा वळली. कितीतरी महिन्यांनी तिनं नवऱ्याच्या तोंडाकडं नीट बघितलं.

"हे मला आता सांगताय?"

"कसं सांगू? तोंडातनं आवाजच निघंना."

"अजून काय बोलत हुता? सगळं सांगा. बडबडला ते बी सांगा."

अप्पा सांगायला लागले. त्यात अर्थ नसलेलं पुष्कळ होतं. कुठल्यातरी बैलाचं नाव होतं, तळ्यात पोहायची पैज होती, दाक्षीला रेशमी फीत आणायची राहिली, असंही एक होतं. गौरम्मा रडत होती, अप्पाही रडत होते. मध्येच बैलाच्या नावावर दोघंही ओलं हसले. दाक्षायणी औषधाची वाटी धरून दारातच उभी. नळी लावल्यावर डॉक्टरांचा झालेला तो चेहरा तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

"अव्वा, रडू नको गं. त्रास होईल."

"हू दे. आजवर एकटीनं रडले, त्याचाच तरास झाला," गौरम्मा म्हणाली. "वाटी ठेव आणि जा तू."

दाक्षायणी स्वयंपाकघरात आली. रेशमी फितीचं तिला माहीत नव्हतं. ती चुलीपुढं बसली आणि गुडघ्यांत तोंड खुपसलं. आत्यानं परातीतलं पीठ मळता मळता तिच्याकडं बघितलं, मग आतल्या खोलीकडं कान दिला.

"काय चाललंय तिकडं?"

"बोलतायत," दाक्षायणी म्हणाली.

आत्यानं चुलीतलं एक लाकूड मागं ओढलं, जाळ कमी केला आणि परातीवर ताट झाकलं.

"बोलू दे," ती म्हणाली. "भाकरी टाकते जरा येळानं."